तेलातली मुळी

पितृपक्ष संपला त्या दिवशी गिरगावच्या दुकानातला राजेश स्कूटरवरून पिशवी टाकून गेला आणि शेवंतीच्या घरातली मासळी बंद झाली.

दर वर्षी असंच व्हायचं. पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या हाथाजोड्या असत. काळ्या, सुंठीसारख्या कडक, बोटाएवढ्या. दोन सुकलेले पंजे एकमेकांत अडकून बसावेत तसा आकार. मारवाडच्या वाळवंटात एक झुडूप उगवतं, त्याची ही मुळी, असं गिरगावातल्या पूजासाहित्याच्या दुकानाच्या मालकांनी, तात्यांनी, तिला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. तिजोरीत ठेवली की घरात लक्ष्मी टिकते. देवाची वस्तू, म्हणून ती हाताळणाऱ्या बाईच्या घरात दिवाळीपर्यंत मासे शिजता कामा नयेत, ही तात्यांची अट होती. घर लालबागच्या चाळीतलं, माणसं मालवणची. तरी शेवंतीनं अट पाळली होती.

सकाळी अंघोळ करून, ओले केस वर बांधून ती पाटावर बसायची. दात घासायच्या जुन्या ब्रशनं मुळीच्या खाचांतली माती काढायची. मग कोमट तिळाच्या तेलात बुडवून ठेवायची. तेल गढूळ झालं की बदलायचं. मुळी नरम पडली की फडक्यानं टिपून शेंदूर चोळायचा, लाल दोरा गुंडाळायचा, दोन लवंगा आणि चिमूटभर अक्षता घालून चंदेरी डबीत बसवायची. शेंदूर नखांच्या कडांत शिरायचा आणि दिवाळी झाल्यावरही महिनाभर निघायचा नाही. उठताना गुडघे कटकट वाजायचे.

ऑक्टोबर होता. चाळीचा वरचा मजला, माथ्यावर पत्रा. दुपारी पंखा गरम हवाच खाली ढकलत होता. खाली गल्लीत चिवड्याच्या दुकानांत कढया चढल्या होत्या आणि तळलेल्या पोह्यांचा वास जिन्यावरून वर येत होता. त्या दिवशी दुपारपाळी नसल्यानं घरीच असलेला तिचा नवरा जयवंत बनियनवर गॅलरीतून आत आला आणि दारातच थांबला.

"शेवंते, सुकट खंय ठेवलीस?"

"कसली सुकट? डबा कधीच शेजारच्या रखमाकडे देऊन टाकलाय."

"मग हा वास?"

"तुमच्या नाकात बसलाय तो."

जयवंत पातेल्यांवरची झाकणं उघडून बघू लागला. एकात डाळ होती, एकात दुधी. त्यानं झाकण जरा जोरात ठेवलं.

"देवाक सांग, दिवाळी लवकर घे म्हणून. दुधी खाऊन माझ्या अंगाला वेल फुटतील."

ती हसली नाही. तेलाची वाटी तिनं पदराआड सरकवली. वास तिलाही येत होता.

*

तात्यांच्या दुकानात शेवंतीसाठी एक लाकडी स्टूल होतं. काउंटरच्या बाहेर, चपलांच्या बाजूला. डब्या तिनं त्या स्टुलावर मांडायच्या. तात्या तिच्या हातातून काही घेत नसत. ठरलेली गिऱ्हाइकं त्याच दिवशी बोलावलेली असत, ती आपापली डबी स्टुलावरून उचलत. सगळं झालं की तात्या तांब्यातलं पाणी स्टुलावर शिंपडत.

त्याआधी एक गोष्ट व्हायची.

"हात पुढे कर," तात्या म्हणाले.

शेवंतीनं दोन्ही हात पुढे केले. तात्यांनी हात मागे बांधले, मान खाली घातली आणि तिच्या बोटांवरून नाक फिरवलं. पांढरा शुभ्र लेंगा, सोनेरी काड्यांचा चष्मा. काउंटरपाशी तीन बायका आणि एक पुरुष उभे होते. ते दुसरीकडे बघत होते, म्हणजे नीट बघत होते.

त्यातल्या एकीनं स्टुलावरची डबी उचलून उघडली आणि नाक मुरडलं.

"तात्या, याला कसलासा वास येतोय हो. माशांचा."

तात्या सरळ झाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

"काय शिजवलंस घरी?"

"काय नाय तात्या. दुधी. डाळ."

"खोटं बोलू नकोस."

"पोरीची शपथ. सुकटीचा डबासुद्धा घराबाहेर काढलाय."

"शपथा घालू नकोस. माझं नाक खोटं बोलत नाही. तुम्हा लोकांना सांगून काही उपयोग नाही, जिभेवर ताबा नाही तुमचा. देवाची वस्तू आहे ही, कळतंय का? सगळ्या घेऊन जा परत. तेल बदल, कापराच्या पाण्यानं पूस. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी आण. तेव्हा वास आला तर पुढच्या वर्षी ही पिशवी तुझ्या शेजारणीकडे, रखमाकडे जाईल."

शेवंती खाली वाकून डब्या गोळा करू लागली. कुणाची तरी चप्पल तिच्या हाताला लागली. मागे तात्या पाणी शिंपडत होते, त्यातले थेंब तिच्या पाठीवर पडले.

बसमध्ये तिनं पिशवी मांडीवर घट्ट धरली आणि हळूच स्वतःची बोटं नाकाशी नेली. शेजारची बाई खिडकीकडे सरकली. ती बहुधा वाऱ्यासाठीच सरकली असेल. पण शेवंतीनं चिंचपोकळीपर्यंत दोन्ही हात पदरात गुंडाळून ठेवले.

*

संध्याकाळी जयवंत ड्यूटीवरून आला तेव्हा सगळी भांडी बाहेर गॅलरीत होती. मोरी राखेनं घासलेली, मसाल्याच्या बरण्या उपड्या, फडकी उकळत्या पाण्यात.

"तोंड उघडा," शेवंती म्हणाली.

"काय?"

"तोंड उघडा. आणि हात दाखवा."

त्याला आधी मस्करी वाटली. मग त्यानं तिचा चेहरा बघितला आणि तोंड उघडलं. तिनं वास घेतला. हात उलटेपालटे करून हुंगले. जयवंतचा बाप ज्या मिलमध्ये साचे चालवायचा, तिच्याच आवारात आता मॉल होता आणि त्या मॉलच्या गेटावर जयवंत दिवसभर लोकांच्या पिशव्या तपासायचा.

"झालं?" तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "दिवसभर मी दुसऱ्यांच्या पिशव्यांत नाक घालतो, आणि घरी तू माझ्या तोंडात? खाल्ला मी मासा. मंगळवारी, खानावळीत, ड्यूटीवर. चार वेळा चूळ भरली. घरात काटा आणला असेल तर माझं नाव बदल. कोण तो तात्या? त्याच्या घरी मी जेवायला जातो?"

"तुम्हाला काय जातंय. हात माझे हुंगतो तो."

"हुंगू कशाला देतेस?"

"नाय देत. उद्यापासून मी पण गेटावर उभी राहते, काय?"

जयवंत गॅलरीत गेला आणि भांड्यांच्या मधोमध उभा राहिला. बसायला जागा नव्हती.

त्यांची मुलगी अपेक्षा हे सगळं दारात सँडल हातात धरून ऐकत होती. ती प्राणिशास्त्रात बी.एस्सी. होती आणि परळच्या एका लॅबमध्ये कामाला होती. ऑपरेशनमधून आलेले मांसाचे तुकडे मेणात बसवायचे, त्यांच्या केसाहून पातळ चकत्या कापायच्या, रंगवून काचेवर घ्यायच्या, हे तिचं रोजचं काम. ती आत आली, खाली बसली आणि आईचे हात हुंगले. मग तेलाची वाटी हुंगली. मग बुधल्यातलं कोरं तेल.

"आई, वास तुझ्या हाताला नाही. तेलाला आहे."

"तेल कालच आणलंय."

"कोऱ्या तेलाला नाही. मुळी पडलेल्या तेलाला आहे."

तिनं दोन वाट्या गरम पाण्यानं धुतल्या. दोन्हींत बुधल्यातलं तेल सारखं ओतलं. पिशवीतली एक कोरडी, कुणी हात न लावलेली हाथाजोडी चिमट्यानं उचलून एका वाटीत सोडली. दुसरीत काही नाही. दोन्ही झाकून कपाटावर ठेवल्या.

"कोणी हात लावायचा नाही. तू पण नाही, पप्पा पण नाही."

सकाळी तिनं दोन्ही झाकणं काढली. जयवंतनं दोन्ही वाट्या हुंगल्या आणि एकीवर बोट ठेवलं.

"ही सुकट."

अपेक्षानं एका तुटक्या मुळीचं टोक काडीवर धरलं. ते पेटलं नाही, आकसलं, फुगलं आणि त्याचा जळलेल्या केसांसारखा वास खोलीभर पसरला. लाकूड असं जळत नाही, हे शेवंतीला कुणी सांगायची गरज नव्हती. तिनं आयुष्यात पुष्कळदा चूल पेटवली होती.

"ही मुळी नाय ना गो?" तिनं विचारलं.

"लॅबमध्ये बघते. मग सांगते," अपेक्षा म्हणाली. तुटका तुकडा तिनं बाटलीत घातला. बघितल्याशिवाय बोलायची तिला सवय नव्हती.

*

सांगितलं ते रविवारी. शेवंती सवयीनं पाटावरच बसली होती, हातात ब्रश होता. अपेक्षानं फोनवर गुलाबी, जांभळे पट्टे असलेला फोटो उघडला.

"झाडाचं काही असतं तर पेशींच्या भिंती दिसल्या असत्या, जाळीसारख्या. इथे एकही नाही. हे स्नायू आहेत. ही रक्तवाहिनी. माझ्या कॉलेजच्या सरांना दाखवलं. त्यांनी आकार बघूनच सांगितलं. घोरपड आहे आई."

"घोरपडीचा पाय?"

अपेक्षानं फोन पालथा ठेवला. रोज कुणाकुणाच्या शरीराचे भाग हाताळणारी मुलगी आईसमोर शब्द शोधत होती.

"पाय नाही. नराचं लिंग आहे ते. सुकवलेलं."

जयवंतला हसू फुटलं. "म्हणजे त्या गिरगावकरांच्या तिजोरीत..." तो म्हणाला आणि बायकोकडे बघून थांबला.

शेवंती देव्हाऱ्याकडे बघत होती. गेल्या दिवाळीला तात्यांनी तिला एक डबी बक्षीस दिली होती. ती कुलदेवतेच्या टाकाशेजारी होती. रोज तिला फूल वाहिलं जात होतं.

"कसं काढतात?" तिनं विचारलं.

"कशाला विचारतेस?"

"सांग."

"काही ठिकाणी जिवंतपणी आच देतात. म्हणजे तो भाग आपोआप बाहेर येतो. मग कापतात."

शेवंतीनं हातातल्या ब्रशकडे बघितलं. खाचांमधून कधीकधी कोळशासारखं काळं निघायचं. ती माती समजून घासायची, नीट, कोपऱ्याकोपऱ्यातून, देवाच्या वस्तूला मळ राहू नये म्हणून.

ती उठली. गुडघे वाजले. देव्हाऱ्यातली डबी तिनं काढून बाकीच्यांत टाकली आणि मोरीत जाऊन हात धुवायला लागली. बराच वेळ पाणी वाहत राहिलं. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते.

"बंगड्यानं देव बाटतो," ती म्हणाली. "आणि ह्याच्यानं नाय. ह्या घाणीसाठी माझा नवरा गटारावर चूळ भरतो. मी त्याचं तोंड हुंगते. आणि तो मेला तात्या माझे हात हुंगतो."

"त्याला माहीत असेल?" जयवंतनं विचारलं.

"दुकानात एक डबी ठेवत नाय तो. एकीला हात लावत नाय. माहीत नसतं तर कशाला?"

"मग वरळीला जाऊन समुद्रात टाकून येतो मी सगळं. विषय खलास."

"नाही पप्पा," अपेक्षा म्हणाली. "ते कायद्याखाली आहे. रस्त्यात सापडलं तर तुम्ही आत."

*

वनखात्याच्या अधिकारी देविका मॅडम चाळिशीच्या होत्या. त्यांनी शेवंतीला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि नंतर जे सांगितलं ते गोड करून सांगितलं नाही.

"वाळवंटातली घोरपड आहे की आपल्याकडची, ते तपासणीतच कळेल. माल राजस्थानकडून येत असेल तर वाळवंटातली असू शकते. कायद्याला फरक पडत नाही. दोन्ही पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत. शिक्षा तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत."

"कुणाला?" जयवंतनं विचारलं.

"ज्याच्या ताब्यात सापडेल त्याला. आणि आपला दोष नाही हे त्यानंच सिद्ध करायचं."

"पण माल तात्याचा आहे."

"पावती आहे? फोनवर काही लिहून पाठवलंय त्यांनी?"

काही नव्हतं. राजेश पिशवी दारात टाकायचा, बोलायचा पण नाही.

"त्या दुकानाबद्दल आम्ही आधी ऐकलंय," देविका मॅडम म्हणाल्या. "जाऊनही आलो. एक डबी सापडली नाही. आता कळलं, डब्या तुमच्या घरी असतात. आज मी तिथे गेले तर ते म्हणतील, ही बाई माझ्या दुकानासमोर येऊन विकते, मला काय माहीत."

शेवंतीनं पाण्याचा पेला खाली ठेवला.

"घोरपडीला कायदा आहे, बरं झालं," ती म्हणाली. "मुक्या जनावराला कोणीतरी पाहिजे. पण मॅडम, तो कायदा वाळवंटातून निघाला आणि येऊन थांबला कुठे, तर माझ्या मोरीत. तात्याच्या दारावरून आला ना तो? तिथे का नाय थांबला?"

देविका मॅडमनी पेन खाली ठेवलं. "थांबवायचा आहे. त्यासाठीच विचारते. ते स्वतः डबी हातात घेतात का? कधीतरी?"

"माझ्या हातचं? नाय."

"आमच्यासमोर एक तरी त्यांच्या हातात दिसायला हवी. ही माझी आहे, मीच करून घेतो, असं काहीतरी त्यांच्या तोंडून यायला हवं. तुमचा जबाब मी आत्ताच घेते. स्वतःहून आलात हे त्यात येईल. तेवढं मी करू शकते. पुढचं कोर्ट."

अपेक्षानं आईकडे बघितलं. शेवंती आपल्या शेंदरी नखांकडे बघत होती.

"मॅडम," ती म्हणाली, "सगळ्या कापरानं पुसल्यात. एक जुन्या तेलातलीच नेली तर चालेल?"

*

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी गिरगावच्या त्या गल्लीत आकाशकंदील इतके खाली टांगले होते की उंच माणसं वाकून चालत होती. शेवंती पिशवी छातीशी धरून आली. दुकानाच्या पायरीवर तात्यांनी बोलावलेली गिऱ्हाइकं होती, त्यांत साध्या साडीतल्या देविका मॅडम वातींचं पाकीट निरखत उभ्या होत्या. समोरच्या फुलवाल्याकडे दोन पुरुष झेंडूचा भाव उगाच लांबवत होते. अपेक्षा त्यांच्या मागे होती.

"हात पुढे कर."

शेवंतीनं हात पुढे केले. तात्यांचं नाक बोटांवरून फिरलं.

"हं. शहाणी झालीस. सांगितल्याशिवाय कळत नाही तुम्हाला. मांड."

तिनं स्टुलावर डब्या मांडल्या. एक हातात ठेवली.

"तात्या, ह्या एकीचं मला काय कळत नाय. वास गेलाय की नाय?"

"उघड इकडे."

तिनं लांबूनच झाकण उघडलं. तात्या काउंटरवरून वाकले. चिवडा, फुलं, उदबत्त्या, गल्लीत एकावर एक वास होते.

"जवळ घेतल्याशिवाय नाय कळायचं," शेवंती म्हणाली. "माझं नाक काय, मासे खाणाऱ्याचं. तुमचं खोटं बोलत नाय."

गिऱ्हाइकं ऐकत होती. मागच्या वेळची बाईही होती. "बघा हो तात्या," ती म्हणाली, "मला तीच नको यायला."

तात्यांनी तांब्याकडे एक नजर टाकली. मग दोन बोटांच्या चिमटीत डबी घेतली, नाकाशी नेली आणि त्यांचा चेहरा आंबट झाला. पण त्या आंबटपणात आनंद होता.

"मासे," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "बघितलंत? इतकी वर्षं मी हिच्याकडून माझा माल करून घेतोय, आणि ही मला फसवते."

"मासे नाय ते," शेवंती म्हणाली. "घोरपड आहे. नर. त्याचा कुठला भाग तुम्ही नाकाला लावलाय, ते ह्या मॅडमना विचारा."

देविका मॅडमनी ओळखपत्र काउंटरवर ठेवलं. फुलवाल्याकडचे दोघे पायरीवर आले होते.

"ती डबी खाली ठेवू नका," त्या म्हणाल्या. "हात पुढे करा."

तात्यांनी आधी डबीकडे बघितलं, मग शेवंतीकडे. "ही करते सगळं," ते म्हणाले. "हिच्या घरी होतं हे. मी हात पण लावत नाही. विचारा कुणालाही."

"तुमचा माल, तुम्ही करून घेता, इतकी वर्षं," देविका मॅडम म्हणाल्या. "आत्ताच सगळ्यांनी ऐकलं. डबी या पिशवीत सोडा."

उघडी पिशवी धरून एक जण पुढे झाला. तात्यांनी डबी पिशवीत सोडताना चंदेरी झाकण काउंटरच्या काचेवर वाजलं. मागच्या वेळची बाई पदरानं हात पुसत होती, पुन्हापुन्हा.

"पण आमच्या घरी गेल्या वर्षीची आहे," एका गृहस्थानं हळूच विचारलं. "ती तरी ठेवली तर चालेल ना?"

"उद्या आणून द्या," देविका मॅडम म्हणाल्या. गृहस्थ वाकून आकाशकंदिलांखालून निघून गेला.

पंचनामा बराच चालला. पंच मिळेनात, सगळ्यांना दिवाळीची घाई होती. तात्यांचा वकील फोनवर आला, मग स्वतः आला, आणि शेवंतीकडे बोट करून काहीतरी बोलत राहिला. तिच्या हातांचेही फोटो काढले, तळवे वर, नखं जवळून. तिला तारखांना यावं लागेल, असं सांगितलं. तात्या भाऊबीजेपर्यंत जामिनावर सुटून घरी असतील, हे कुणी सांगितलं नाही, पण वकिलाच्या चेहऱ्यावर ते लिहिलेलं होतं.

"चल आई," अपेक्षा म्हणाली. "झालं."

शेवंती चपला घालायला वाकली. स्टूल रिकामं होतं. त्याच्या बाजूला, नेहमीच्या जागी, तांब्याचा तांब्या पाण्यानं भरलेला होता. तिनं तो उचलला. तात्या खुर्चीतून अर्धे उठले. "त्याला हात लावू नकोस," ते म्हणाले.

शेवंती पायरीच्या कडेला बसली, तांब्या कलता केला आणि हात धुवायला लागली. सावकाश, एकेक बोट, नखांच्या कडांतून. लाल पाणी पायरीवरून आत, तात्यांच्या पांढऱ्या फरशीवर वाहत गेलं. नखांतला शेंदूर काही सगळा निघाला नाही. तरी तिनं तांब्या पुरता रिकामा केला, स्टुलावर उपडा ठेवला आणि मुलीला म्हणाली, "चल. बाजार उठायच्या आत बंगडे घेऊ."